सिस्टर रणनवरे यांची शुक्रवारची बैठक

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सिस्टर रणनवऱ्यांचा विषय काढला की लोक माझ्याकडे 'ही पण त्यातलीच' अशा नजरेनं बघायला लागतात. त्यांच्या बैठकीला मी सात वर्षं हजर होते, पण स्वयंपाकघरात. चहा माझा, कप माझे, आणि मेलेल्यांशी काय बोलायचं ते त्यांचं, असा आमचा करार होता.

एक्याण्णव साली आम्ही शारजातून दुबईला, अल मनखूलच्या एका चारमजली इमारतीत राहायला आलो. समोरच्या दारावर 'के. रणनवरे, स्टाफ नर्स' अशी पाटी होती. कमलिनी रणनवरे मूळच्या नगरच्या, घरचे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेल्या. अठ्ठ्याहत्तरला इकडे आल्या आणि बर दुबईतल्या एका खाजगी क्लिनिकात लागल्या. लग्न केलं नव्हतं. उंच, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज वॉर्डात कमावलेला. पहिल्याच भेटीत लिफ्टमध्ये त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि "हिमोग्लोबिन करून घे," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आली नाकानं कांदे सोलणारी. संध्याकाळी त्याच बाई खजुराचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या.

बैठक त्यांची स्वतःची नव्हती, वारशानं आलेली होती. होल्ट नावाची एक इंग्रज बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे जुमेराला राहायची. तिच्या गावी स्पिरिच्युअलिस्ट चर्च होतं. मेलेलं माणूस संपत नाही, पलीकडून बोलतं, आणि ते ज्याला ऐकू येतं त्यानं भर उपासनेत उठून सांगावं, अशी त्यांची रीत. होल्टबाईनं व्हिलाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी, इकडच्या सुट्टीच्या दिवशी, तेच सुरू केलं होतं. सिस्टर तिच्या आजारपणात इंजेक्शनं द्यायला जायच्या. तिथे बसता बसता त्यांना 'यायला लागलं'. हा त्यांचा शब्द. नव्वदच्या ऑगस्टात कुवेतचं प्रकरण झालं, होल्टबाई मिळेल त्या विमानात बसून गेली आणि जाताना गाण्यांची पुस्तकं, सभासदांची वही आणि शुक्रवार सिस्टरच्या हवाली करून गेली. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकला नाही, याचा सिस्टरना फार अभिमान होता.

इंग्रज पांगले आणि त्यांच्या जागी हळूहळू आपली माणसं आली. प्लँचेटची वाटी नाही, मेणबत्ती नाही, अंगात येणं नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात दहा-बारा जण खुर्च्यांवर बसायचे, सिस्टर मराठीत प्रार्थना म्हणायच्या, एक गाणं व्हायचं, मग शांतता. मग त्या डोळे उघडे ठेवून, केसपेपर वाचल्यासारखं, सांगायच्या, "रफिक, तुझी आजी आहे. गुडघ्याचं दुखणं गेलं म्हणते." रफिक हा रत्नागिरीचा, बेकरीच्या गाडीवर ड्रायव्हर. तो रुमाल काढून डोळे पुसायचा.

मी आतून हसायचे. पण ही माणसं का येतात, ते मला ठाऊक होतं. त्या खोलीतला प्रत्येक जण कुणाच्या तरी मरणाला चुकलेला होता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, रजा दोन वर्षांतून एकदा, आणि घरून पत्र यायचं ते दहावं-बारावं उरकल्यावर. काही घरांतून तर पत्रही यायचं नाही. 'तो तिकडे एकटा आहे, जिवाला लावून घेईल, आल्यावर सांगू,' असं ठरायचं. माणूस सुटकेस भरून, आईला साडी, बापाला घड्याळ घेऊन उतरायचा आणि एअरपोर्टवर न्यायला आलेल्यांचे चेहरे बघून त्याला कळायचं. माझ्या वाट्यालाही हे आलंय. माझ्या मुलीच्या, पर्णिकाच्या वेळी मला सातवा महिना होता, आम्ही तेव्हा शारजातल्या रोल्लाला राहत होतो. माझे वडील गेले आणि माझ्या नवऱ्यानं, सुदेशनं, ते दीड महिना माझ्यापासून लपवलं. मी वडिलांना पत्रं लिहीत होते, आणि 'बाबा बरे आहेत' अशी उत्तरं आईच्या हातची येत होती. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठी केलं, हे मला कळतं. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

सिस्टरच्या वाटेत अडचणी कमी नव्हत्या. त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे सैतानाचं काम आहे, बंद करा, नाहीतर प्रभुभोजनाला येऊ नका. त्या जायच्या बंद झाल्या. आपले हिंदू लोक म्हणायचे, ख्रिश्चन बाई आहे, बाटवेल. आणि देशाचा कायदा तर जादूटोण्याला गुन्हा मानणारा. ही जादू नाही, उपासना आहे, हे पोलिसाला अरबीत कोण समजावणार? म्हणून गाणं ओठांतल्या ओठांत, चपला दाराच्या आत, आणि एकेकानं पाच मिनिटांच्या अंतरानं वर यायचं.

पण बैठक खरी मोडकळीला आणली ती फोननं. नव्वदीच्या मध्यावर फोन कार्डं निघाली, मग मोबाईल आले, विमानं वाढली. आजारी माणसाचं कळायला लागलं, कधीकधी पोचताही यायला लागलं. ज्याला जिवंत आईशी बोलता येतंय तो मेलेल्या आजीसाठी शुक्रवार कशाला घालवील? तरुण पोरं यायची, एकदा बघून जायची. पर्णिका दारातून डोकावून म्हणायची, "मम्मा, धिस इज सो क्रीपी." इंग्लंडहून स्पिरिच्युअलिस्टांच्या कचेरीतून दरवर्षी एक छापील फॉर्म यायचा. सभासद किती, नवे किती, चळवळीचं भवितव्य काय वाटतं. सिस्टर तो इमानदारीत भरायच्या. तेवीस, सतरा, अकरा. भवितव्याच्या रकान्यात एकदा त्यांनी लिहिलेलं मी वाचलं: 'आम्हाला दुसरा ऐकणारा माणूस हवा आहे. मी एकटी आहे.'

त्या अकरांतला एक भिवा. संगमेश्वराकडचा, कन्स्ट्रक्शन कंपनीत सेंटरिंगचा सुतार, अल कूझच्या कॅम्पात एका खोलीत आठ जणांत राहणारा. चौऱ्याण्णवला त्याचा बाप गेला, ते त्याला एकोणीस दिवसांनी पत्रातून कळलं. फोरमननं रजा दिली नाही. कुणीतरी त्याला सिस्टरकडे आणलं, आणि पहिल्याच शुक्रवारी सिस्टर म्हणाल्या, "तुझे बाबा म्हणतात, फणसाखालचा दगड उचलायचा राहिला." भिवा खुर्चीतून उठून जमिनीवर बसला. तो दगड बाप-लेक मिळून हलवणार होते, पुढच्या रजेत. हे सिस्टरना कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून तो दर शुक्रवारी दोन बस बदलून यायचा, बापाशी चार शब्द बोलून जायचा आणि कॅम्पातल्या खोलीत कुणाशी फारसा बोलायचा नाही. गावी त्यानं निरोपासाठी सिस्टरच्या घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता.

सिस्टरचा एक नियम होता, होल्टबाईनं घालून दिलेला. जे साध्या कानानं कळलंय ते पलीकडचं म्हणून सांगायचं नाही. कुणाची बातमी पत्रातून किंवा शेजाऱ्याकडून कळली असेल तर बैठकीआधी उघड सांगायचं, "हे मला माहीत आहे," आणि त्या माणसासाठी त्या दिवशी काही ऐकायचं नाही. मला भुतं पटत नव्हती, पण हा नियम पटत होता. म्हणून तर मी चहा करायचे.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी त्यांच्याकडे फोन आला. मी तेव्हा तिथेच होते, त्यांच्या मशीनवर पर्णिकाच्या फ्रॉकला टीप घालत. फोन भिवाच्या भावाचा होता, जगन्नाथचा. सिस्टर नुसत्या "हो, हो," म्हणत राहिल्या आणि शेवटी "बरं, नाही सांगत," म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"भिवाची आई गेली. नर्मदाबाई. भाऊ म्हणतो, त्याला कळवू नका. मे महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपतंय, येणारच आहे, आल्यावर सांगू."

"आणि तुम्ही कबूल झालात?" मी म्हटलं. "सिस्टर, त्याला आजच्या आज सांगा."

"मी शब्द दिलाय, उर्मिला. आणि नातेवाईक नको म्हणाले की नर्सनं सांगायचं नसतं. तीस वर्षं मी तेच करत आलेय. सांगणं डॉक्टरचं काम, नाहीतर घरच्यांचं."

"हा काय वॉर्ड आहे का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती, आणि मला त्यांची दया येण्याऐवजी रागच आला.

शुक्रवार आला. डोकं दुखतंय म्हणून बैठक रद्द केली असती तरी चाललं असतं. पण एकही शुक्रवार न चुकल्याचा तो अभिमान आडवा आला. 'हे मला माहीत आहे' हेही त्यांना म्हणता येईना, कारण तेवढं म्हटलं असतं तरी भिवाला सगळं कळलं असतं. प्रार्थना झाली, गाणं झालं. भिवा कडेच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "बाई, बापसाला एवढं विचारा, आयस कशी हाय? लई दिवस खुशालीचा फोन नाय."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरी आहे म्हणतात. काळजी करू नकोस म्हणतात."

भिवा हसला. तो तसा हसताना मी कधी पाहिला नव्हता. मी ट्रे तिथेच टेबलावर ठेवला आणि माझ्या घरी निघून गेले. पुढचे दोन शुक्रवार मी चहाला गेले नाही. तिसऱ्या शुक्रवारी गेले, कारण दहा माणसांना कोरडं बसवणं मला बरं वाटेना. सिस्टर माझ्याशी फक्त दुधा-साखरेपुरतं बोलत होत्या. भिवाला त्या आता सांगायच्या, "आज काही येत नाही रे." रात्री त्या झोपत नसाव्यात, डोळे तसे दिसायचे.

मग एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी भिवा बर्फीचा खोका घेऊन आला. पाच मिनिटांच्या अंतराचा नियम विसरून धावत वर आलेला. खोका टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या सगळ्यांनी. कॉन्ट्रॅक्ट रिनू केला. दोन वर्सं. मे महिन्यात जानार होतो, पन बापूस बोलला आयस बरी हाय, मंग म्हटलं आनी दोन वर्सं काढू, घरावर स्लॅब टाकू. आयशीला कौलांखालून बाहेर काढतो, बाई. पावसात लई गळतं तिच्या डोक्यावर."

"सही केलीस?" सिस्टरनी विचारलं.

"काल केली. खलास."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात आले. मला वाटलं होतं, त्याला बाजूला घेऊन सांगतील. पण त्यांनी सगळ्यांसमोर, नेहमीच्या जागी उभं राहून सांगितलं.

"भिवा, खाली बस. तुझ्या आईला जाऊन अडीच महिने झाले. फेब्रुवारीत तुझ्या भावाचा मला फोन आला होता. तुझे बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलले ती मी."

भिवा बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं विचारलं, "मंग त्याच्या आधी बापूस बोलायचा ते?"

"तेव्हा तेच बोलतात असं मला वाटायचं."

"आनि आता?"

"आता मला सांगता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझं मलाच ओळखू येईनासं झालंय."

भिवानं चपला घातल्या आणि तो गेला. बर्फीचा खोका कुणी उघडला नाही. थोड्या वेळानं रफिक बोलला, आणि सिस्टर खोटं बोलल्या याबद्दल तो चिडला नव्हता. "सिस्टर, हे आमच्यासमोर कशाला सांगितलंत? त्याला वेगळं सांगायचं होतं. आता माझी आजी कोण होती, ते मी कुणाला विचारू?" तो रडत होता. त्या दुपारी त्या खोलीत प्रत्येकाचं माणूस दुसऱ्यांदा गेलं.

पुढच्या शुक्रवारी चौघे आले, त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोघे. जूनमध्ये कुणीच आलं नाही. सिस्टर मात्र दुपारी खुर्च्या मांडायच्या, गाण्यांची पुस्तकं ठेवायच्या, दाराची कडी काढून ठेवायच्या आणि तास भरला की खुर्च्या भिंतीला लावायच्या. हे वर्षभर चाललं. मी एकदा म्हटलं, "मी बसू का येऊन?" तर म्हणाल्या, "तुझा विश्वास नाही. तू चहाच कर." मी चहा केला आणि आम्ही दोघी तो गप्प बसून प्यायलो. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये त्यांनी सभासदांपुढे शून्य लिहिलं, आणि काय घडलं तेही सगळं लिहून पाठवलं. इंग्लंडहून चांगलं पत्र आलं, असं होतं कधीकधी, धीर सोडू नका, चळवळीला तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांची गरज आहे, असं काहीबाही. पाळकसाहेबही येऊन गेले. परत या म्हणाले. रविवारी त्या चर्चमध्ये गेल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तिथे बसलं तरी मी कान देऊनच बसते गं, उर्मिला. काही येत नाही. आता कुठेच काही येत नाही." एवढ्या ताठ बाईच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्यांच्यावर दोन महिने धरलेल्या रागाची लाज वाटली.

भिवा दोन वर्षं फिरकला नाही. दोन हजार साली मेमध्ये, एका शुक्रवारी दुपारी, मी सिस्टरकडे भाजी निवडत बसले होते आणि दारात तो उभा राहिला. केस पांढरे झाले होते. त्याला पाहून सिस्टर उठल्या.

"परवा चाललो, बाई," तो म्हणाला. "कायमचा. इकडे परत येनार नाय."

"बस."

तो बसला. मी उठून चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघरातून मला तो दिसत होता. गुडघ्यांवर हात ठेवून बसायची सवय तीच होती.

"एक काम होतं," तो म्हणाला. "घरी गेलो की सगळे येगयेगळं सांगतील. भाऊ एक सांगंल, वहिनी एक सांगंल. दोन वर्सांत त्यांनी फोनवर सांगितलं ते दर वेळी बदललं. बापसाचं ऱ्हाऊ दे. मी ते विचारीत नाय. त्या दिवशी फोनवर भावानं तुमाला जे सांगितलं, तेवढं मला सांगा. जसंच्या तसं."

सिस्टर त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. डोळे उघडे, पाठ सरळ.

"मंगळवार होता. दुपारचे दोन वाजले होते. तुझा भाऊ म्हणाला, आई पहाटे गेली. चार दिवस अन्न नव्हतं, चमच्यानं पाणी घेत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. रात्रभर विचारत होती, भिवा आला का, भिवा आला का. त्यांना ते ऐकवेना. म्हणून शेवटी सांगितलं, आला. शेजारच्या विष्णूला उठवून आणला, तिच्या उशाशी बसवला आणि त्याचा हात तिच्या हातात दिला. तिनं तो धरला. बराच वेळ धरून होती. काही बोलली नाही. मग गेली."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दोन वर्षं सिस्टरनी हे एकटीनं बाळगलं होतं आणि मला त्यातला एक शब्दही कळू दिला नव्हता. मी गॅस बारीक केला.

भिवा स्वतःच्या हातांकडे बघत होता. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं नव्हतं, तळवे लाकडासारखे झालेले.

"इष्णू तालुक्याला बँकेत हाय," तो म्हणाला. "पेन धरनारा मानूस. त्याचा हात म्हंजे कापूस." मग त्यानं वर पाहिलं. "बाई, आयशीला कळलं असंल काय?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नाही रे बाबा, मरताना कुठे काय कळतं, सुखानं गेली ती. कुणीही तेच सांगितलं असतं. सिस्टरनी त्याचा तो हात आपल्या हातात घेतला, आणि मला वाटलं आता ह्याही तेच म्हणतील.

"ते फोनवर नव्हतं, भिवा," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नाही."

भिवानं मान हलवली. मग म्हणाला, "पुन्यांदा सांगा. पयल्यापासून."

आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, मंगळवार होता, दुपारचे दोन वाजले होते, इथपासून शेवटपर्यंत. एक शब्द कमी नाही की जास्त नाही.